द्राक्षमळ्यांतील न मरणारें तण

धान्याचें शेत आणि द्राक्षांचा मळा यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानीं घेतल्यावांचून पुढील इतिहास नीट कळावयाचा नाहीं. धान्याचें शेत दर वर्षीं आपलें रूप पालटतें. यंदा गहूं, पुढच्या वर्षीं हरभरा, मग एखादें वर्ष पडीक, असा फेरा चालूं असतो. नांगर फिरतो, वखराच्या पाळ्या पडतात, पेरणी पुढेंमागें होते. आणि या उलथापालथींत कोणत्याहि एका तणाला कायमचें बस्तान बसवितां येत नाहीं. द्राक्षाची वेल मात्र एकदां लावली कीं वीस, तीस, कित्येक ठिकाणीं पन्नास वर्षेंहि जागची हलत नाहीं. तीच ओळ, तीच तार, आणि वेलीच्या बुंध्यालगतचा तोच हात-दोन हात रुंदीचा पट्टा. त्या पट्ट्यांत मालकानें दर वर्षीं जी गोष्ट केली, ती त्याच तणाच्या एकामागून एक अशा सर्व पिढ्यांवर केली गेली. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगांतील द्राक्षमळ्यांत हेंच घडलें. त्यांतून अशीं तणें निपजलीं कीं ज्यांच्यावर एकाहून एक जालीम औषधें फवारलीं, तरी पंधरा दिवसांनीं पाहावें तों तीं हिरवींगार उभीं!

या इतिहासाचा आरंभ कुदळीपासून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समधील पुष्कळ मळ्यांत वेली ओळींनीं लावलेल्या नसत. त्या दाटीवाटीनें, जागा मिळेल तशा उभ्या असत. एखादी वेल म्हातारी झाली कीं तिची फांदी वांकवून जमिनींत पुरावी, तिला मुळें फुटावीं आणि तेथें नवी वेल उभी राहावी, अशी रीत होती. अशा गर्दींत औत शिरणें अशक्यच. सारी खुरपणी हातानें होई. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील वेली उघड कारणावांचून सुकूं लागल्या. अमेरिकेंतून आलेला फिलॉक्सेरा नांवाचा बारीक किडा त्यांच्या मुळांना लागला होता. या संकटांतून मार्ग निघाला तो कलमाचा. मुळें अमेरिकन वेलीचीं आणि वरचा भाग फ्रेंच वेलीचा, असा तो जोड होता. परंतु कलमी वेलीची फांदी पुरून चालेना. कारण तिला फुटणारीं मुळें पुन्हां फ्रेंच वेलीचींच, म्हणजे किड्याचें भक्ष्य. तेव्हां नवे मळे दोरी धरून सरळ ओळींत, तारांच्या आधारानें लावण्यांत आले, आणि ओळींच्या मधून घोड्याचें औत चालूं लागलें. बुंध्याजवळची चिंचोळी पट्टी तेवढी औताला नीट साधेना. ती माणसानें कुदळीनें साफ करावयाची. पुढील सारी कथा या चिंचोळ्या पट्टींतच घडली आहे.

बुंध्याशीं तण माजलें तर कोवळ्या वेलीची वाढ खुंटते, पाणी व खत वांटलें जातें, आणि घडांभोंवतीं ओल राहून बुरशीचें भय वाढतें. म्हणून खुरपणी टाळतां येत नसे. पण वांकून वांकून करावयाच्या या कामासारखें कंबर मोडणारें काम शेतींत दुसरें थोडेंच असेल. आपल्याकडे तें बायकांच्या वांट्यास आलें आहे, एवढ्यावरून त्याची किंमत काय समजली जाते तें दिसतेंच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील खेड्यांतले तरुण कारखान्यांकडे व शहरांकडे वळले. मजुरी वाढली, मजूर मिळेनासा झाला, घोडा गेला आणि ट्रॅक्टर आला. अशा वेळीं रसायनशास्त्र मदतीस धांवून आलें, आणि बागाईतदारानें त्याचें स्वागत केलें यांत नवल तें कोणतें?

स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गायगी या कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५० नंतर ट्रायझिन वर्गांतील कांहीं संयुगांवर काम चाललें होतें. त्यांतून निघालेलें सिमॅझिन हें औषध १९५६ सालीं पुढें आलें. द्राक्षमळ्याकरितांच जणूं तें घडविलें होतें. तें पाण्यांत फारच थोडें विरघळतें, म्हणून पावसानें खोल न जातां मातीच्या वरच्या थरांत टिकून राहतें. वेलीचीं मुळें खोल असतात, त्यांना तें सहसा पोंचत नाहीं. वरच्या थरांत रुजणारें तणाचें रोप मात्र तें शोषून घेतें, आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची त्याची क्रिया बंद पडून तें उपाशी मरतें. वसंताच्या आरंभीं एकदां फवारावें आणि कित्येक महिने निश्चिंत असावें. कुदळी खुंटीला लागल्या. कांहीं मळ्यांत तर ओळींच्या मधली जमीनहि औषधानेंच उघडीबोडकी ठेवण्याची पद्धत पडली. स्वच्छ, तणविरहित माती ही दक्ष मालकाची खूण मानली जाऊं लागली.

इतिहासाची एक विचित्र गंमत अशी कीं, ज्या सालीं सिमॅझिन आलें त्याच १९५६ सालीं जॉन हार्पर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें इंग्लंडमधील तणनियंत्रण परिषदेपुढें एक निबंध वाचला. डी. डी. टी.ला न जुमानणाऱ्या माशा तेव्हां जगाच्या परिचयाच्या झाल्याच होत्या. जें कीटकांचें झालें तेंच तणांचें होणार, एकच औषध वर्षानुवर्षें वापरल्यास त्याला दाद न देणारी तणांची जात निपजेल, असा त्या विवेचनाचा रोंख होता. इशारा वेळेवर दिला गेला होता. ऐकण्यास मात्र कोणाला सवड नव्हती.

बारा वर्षांनीं, १९६८ सालीं, अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांतील एका रोपवाटिकेंत ग्राउंडसेल नांवाचें पिवळ्या फुलांचें क्षुद्र तण सिमॅझिनखालीं मरेनासें झालें. तेथेंहि तेंच औषध वर्षानुवर्षें, वर्षांतून एकदां-दोनदां फवारलें जात होतें. १९७० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर युरोपांतील द्राक्षमळ्यांतून तशाच तक्रारी येऊं लागल्या. ग्राउंडसेल, राजगिऱ्याच्या कुळांतील तणें, आणि इंग्रजींत ज्याला ‘हॉर्सवीड’ म्हणतात तें घोडेतण, हीं सर्व औषधाच्या थरांतून खुशाल उगवूं लागलीं. १९८३ सालीं यांतील रहस्य उलगडलें. प्रकाशावर अन्न करणाऱ्या यंत्रणेंतील एका प्रथिनांत अमीनो आम्लांची जी सांखळी असते, तिच्यांतील २६४ व्या जागेवरचा एकच दुवा बदलला होता. कुलपाची एक खांच बदलली आणि किल्ली बसेनाशी झाली. या बदलाची किंमतहि तणाला मोजावी लागली. त्याची वाढ मंदावली, आणि जेथें औषध बंद झालें तेथें साधें तण त्याला मागें टाकीत असे. निसर्गानें माणसाला दिलेली ही एक सवलतच होती. पुढच्या वेळीं ती मिळाली नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. तणाला औषधाची ‘सवय’ होते, अफू खाणाऱ्याची मात्रा जशी वाढत जाते तसें तें औषध पचवावयास शिकतें, असें सुशिक्षितांतहि बोललें जातें. वस्तुतः कोणतेंहि एक रोप कांहींच शिकत नाहीं. फवाऱ्याखालीं जें मरावयाचें तें मरतें, जें वांचावयाचें तें वांचतें. परंतु एका मळ्यांत तणांचीं लक्षावधि रोपें असतात, आणि सारीं एकासारखीं एक नसतात. जन्मतःच एखाद्याच्या घडणींत असा कांहीं किरकोळ फरक असतो कीं औषध त्याला बाधत नाहीं. औषध नसतांना या फरकाला कवडीची किंमत नसते. तें रोप गर्दींत उगवतें आणि गर्दींतच मरतें. फवारा आला कीं त्याचे सारे शेजारी एका दिवसांत नाहींसे होतात. माती, पाणी, ऊन सारें त्या एकट्याचें! तें फुलतें, हजारों बिया टाकतें. पुढच्या वर्षीं त्या बियांच्या रोपांवर पुन्हां तोच फवारा. चार-पांच वर्षें मालकाला कांहींच दिसत नाहीं, कारण हजारांत एक उरलेलें रोप कोणाच्या डोळ्यांत भरतें? ज्या वर्षीं डोळ्यांत भरतें, त्या वर्षीं मळा त्याचाच झालेला असतो. चांगलें बियाणें निवडतांना शेतकरी जें हेतुपूर्वक करतो, तेंच त्यानें येथें नकळत केलें. तो तणांचें बियाणें निवडीत होता.

सिमॅझिन हटलें तेव्हां बागाईतदार पॅराक्वाटकडे वळला. हें संयुग १८८२ सालापासून रसायनशास्त्रज्ञांच्या माहितींतलें. पण तें तण मारतें हा शोध इंग्लंडांत आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५५ सालीं लागला आणि १९६२ सालीं तें बाजारांत आलें. उन्हांत तें हिरव्या पानावर पडतांच पान भाजल्यासारखें करपतें. माणसाच्या पोटांत घोटभर गेलें तरी प्राणावर बेततें, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. त्याचीहि तीच गत झाली. हंगेरींतील द्राक्षमळ्यांत घोडेतणाचे असे नमुने सांपडले कीं जे पॅराक्वाट व ट्रायझिन या दोहोंनाहि दाद देत नव्हते. १९८८ सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं तें जगापुढें मांडलें.

तोंपर्यंत मळेवाल्यांना त्याची फारशी चिंता उरली नव्हती, कारण त्यांच्या हातीं ग्लायफोसेट आलें होतें. या औषधाचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९५० सालीं हेन्री मार्टिन या स्विस रसायनशास्त्रज्ञानें तें प्रथम तयार केलें. औषधी कंपनीला त्याचा कांहीं उपयोग दिसेना, म्हणून तें पडून राहिलें. वीस वर्षांनीं, १९७० सालीं, अमेरिकेंत मोन्सँटो कंपनींतील जॉन फ्रान्झ यांनीं त्याचा तणनाशक गुण ओळखला, आणि १९७४ सालीं ‘राउंडअप’ या नांवानें तें विक्रीस आलें. पानावर पडलेलें ग्लायफोसेट पानापुरतें थांबत नाहीं. रसाबरोबर तें कोंबापर्यंत आणि मुळापर्यंत जातें, आणि कांहीं अमीनो आम्लें तयार करण्याचा वनस्पतीचा मार्गच अडवून धरतें. या मार्गाला शास्त्रांत ‘शिकिमेट’ हें नांव आहे. तें ‘शिकिमि’ या जपानी झाडावरून पडलें. ग्लायफोसेट त्यांतील नेमक्या कोणत्या एन्झाइमला अडवितें, हें १९८० सालीं जर्मनींत दाखविलें गेलें. हा मार्ग मनुष्याच्या व जनावरांच्या शरीरांत नाहीं, म्हणून तें निर्धोक समजलें गेलें. मातीवर पडतांच तें मातीच्या कणांना चिकटून बसतें, म्हणून वेलीच्या मुळांनाहि भीति नाहीं. हिरव्या फांद्यांवर उडूं दिलें नाहीं म्हणजे झालें. शिवाय पुढें तें स्वस्त झालें. वेलीखालचा पट्टा वर्षांतून दोन-तीन वेळां त्यानें धुऊन काढावा, यापरता सोपा उपाय नव्हता.

वीस वर्षें या औषधाविरुद्ध एकहि तण उभें राहिल्याचें कोठें सिद्ध झालें नाहीं. यावरून तसें कधीं होणारच नाहीं अशी समजूत दृढ झाली. ज्या एन्झाइमवर तें काम करतें त्यांत फरक झाला तर वनस्पतीच जगणार नाहीं, असा युक्तिवाद होता. १९९७ सालीं खुद्द उत्पादक कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं एक लेख प्रसिद्ध करून असा प्रतिकार निपजण्याचा संभव फारच थोडा असल्याचें प्रतिपादन केलें. पण लेख छापून निघाला त्याच्या आदल्याच वर्षीं, १९९६ सालीं, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत एचुका गांवाजवळच्या शेतांत राय गवत ग्लायफोसेटखालीं जिवंत राहिल्याचें चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाच्या जिम प्रॅटले यांच्या नजरेस आलें होतें. पाठोपाठ न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज गांवाजवळच्या एका फळबागेंत तेंच दिसलें. ॲडलेड येथील स्टीव्हन पाउल्स व त्यांचे सहकारी यांनीं त्या बागेंतील गवताची मोजदाद करून १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. साध्या राय गवताला मारण्यास जितकें औषध लागे, त्याच्या सातपासून अकरा पट औषध या गवताला लागत होतें. त्या बागेंत पंधरा वर्षें, वर्षांतून दोन-तीन वेळां, हेंच औषध फवारलें गेलें होतें.

राय गवताविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. तें मूळ भूमध्य समुद्राभोंवतालचें. ऑस्ट्रेलियांत मेंढ्यांच्या चाऱ्यासाठीं लोकांनीं तें हौसेनें पेरलें, आणि गव्हाच्या शेतांत शिरल्यावर त्यालाच शत्रु म्हटलें. त्याचें परागसिंचन वाऱ्यानें होतें. एका रोपाचे पराग दुसऱ्याच रोपाच्या फुलावर पडावे अशी त्याची रचना आहे. म्हणून एका रोपांत एक गुण आणि दुसऱ्यांत दुसरा असेल, तर एक-दोन पिढ्यांत दोन्ही गुण एकत्र येऊं शकतात. १९८२ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील इयन हीप यांनीं याच गवतांत दुसऱ्या एका औषधाविरुद्धचा प्रतिकार दाखवून दिला होता. पुढें याच हीप यांनीं जगभर सांपडणाऱ्या अशा तणांची नोंदवही चालविली. त्या वहींत शेंकडों नोंदी झाल्या आहेत, आणि फळबागा व द्राक्षमळे यांचीं नांवें तींत वारंवार येतात.

ऑरेंजच्या बागेनंतर बातम्या भराभर येऊं लागल्या. चिली देशांतील फळबागांत २००१ सालीं राय गवताची इटालियन जात सांपडली. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतांत, जेथें १६५९ सालीं यान फान रीबेक यानें पहिला द्राक्षरस काढविला होता, त्या जुन्या मळ्यांच्या मुलुखांत २००१ सालीं राय गवत, आणि २००३ सालीं केसाळ पानांचें फ्लीबेन तण व केळीच्या पानासारख्या शिरा असलेलें प्लँटेन हें तण ग्लायफोसेटला जुमानीत नसल्याचें आढळलें. फ्रान्स, स्पेन, इटली, पोर्तुगाल, ग्रीस, जेथें म्हणून द्राक्षें आणि ऑलिव्ह पिकतात तेथून असेच वृत्तांत आले. न्यूझीलंडमध्यें मार्लबरोच्या प्रसिद्ध मळ्यांत २०१२ सालीं तेंच.

कॅलिफोर्नियाची हकीकत विशेष बोधक आहे. तेथील सॅन वाकीन खोऱ्यांत किसमिसांचे अफाट मळे आहेत. विहिरींच्या पाण्यांत सिमॅझिनचे अंश सांपडूं लागल्यामुळें त्याच्यावर निर्बंध आले, आणि सारा भार ग्लायफोसेटवर पडला. २००५ सालीं त्या खोऱ्यांत ग्लायफोसेटखालीं न मरणारें घोडेतण निश्चित झालें, पुढें फ्लीबेनहि. घोडेतण उत्तर अमेरिकेचेंच, आणि सतराव्या शतकांत युरोपांत गेलेलें. पुरुषभर, कधीं त्याहूनहि उंच वाढणारें तें खोड वेलीच्या पसाऱ्यांतून डोकें वर काढतें. एका मोठ्या झाडाला दोन लाखांपर्यंत बिया येतात, आणि प्रत्येक बीला कापसाच्या तंतूसारखा पिसारा असतो. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं लहान विमानें उडवून हवेंतून या बिया गोळा केल्या, तेव्हां जमिनीपासून १४० मीटर उंचीवर त्या मिळाल्या. इतकी वर चढलेली बी अनुकूल वाऱ्याबरोबर शेंकडों मैल जाऊं शकते. तेव्हां एखाद्या मालकानें आपल्या मळ्यांत कितीहि शहाणपणानें औषध वापरलें, तरी शेजाऱ्याच्या चुकीचें फळ त्याच्या ओळींत येऊन उतरावयाचें. कालव्यांचे कांठ, रस्त्यांच्या कडा, पडीक जमिनी, कोठूनहि तें येऊं शकतें.

घोडेतण माजण्याचें आणखी एक कारण आहे, आणि औषधांच्या चर्चेंत तें बहुधा विसरलें जातें. या तणाची बी अतिशय बारीक असते. ती मातीच्या अगदीं पृष्ठभागावर, उजेडांतच रुजते. बोटाच्या पेराएवढी मातीखालीं गेली तरी तिचा कोंब वर येत नाहीं. नांगर आणि कुदळ चालूं होती तोंवर हें तण मळ्यांत गौण होतें. औषध आलें, माती हलविण्याचें बंद झालें, आणि या बीला हवें तसें अंथरूण तयार झालें. म्हणजे औषधानें तिला दुहेरी उपकृत केलें, आधीं कुदळ घालवून आणि मग शेजारी मारून.

घोडेतण औषधाचें काय करतें, हेंहि पुढें उघड झालें. सेंट लुई येथील शास्त्रज्ञांनीं जिवंत पानांतील ग्लायफोसेटचा माग काढला. प्रत्येक पेशींत पाण्यानें भरलेली एक पोकळी असते. घरांतल्या अडगळीच्या खोलीसारखी ती समजावी. प्रतिकारक झाडांत आलेलें बहुतेक औषध एका दिवसाच्या आंत या खोलींत कोंडलें जातें. विष घरांत आहे, पण कडीकुलपांत आहे. कोंबाकडे आणि मुळाकडे तें जातच नाहीं. हें संशोधन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं असेंहि दिसून आलें कीं कडक थंडींत ही कोंडण्याची क्रिया थांबते आणि तेंच झाड औषधानें मरतें. मरणाला न जुमानणाऱ्या तणाचें वर्म असें हवामानांत निघालें!

सर्वांत विलक्षण नमुना पश्चिम केपमधलाच आहे. तेथील राय गवताच्या एका कुळाचा अभ्यास पाउल्स यांचे सहकारी चिन यू यांनीं केला आणि २००७ सालीं त्याची हकीकत छापून आली. ग्लायफोसेट व पॅराक्वाट हीं दोन्ही औषधें त्या गवतावर कित्येक वर्षें यशस्वी ठरलेलीं होतीं. एक चालेनासें झालें तर दुसरें आहे, या भरंवशावर जगभरचे बागाईतदार होते. या गवताला मारण्यास साध्या गवताच्या १४ पट ग्लायफोसेट आणि ३२ पट पॅराक्वाट लागे, आणि गवतांसाठीं खास केलेल्या तिसऱ्या एका वर्गाचीं औषधेंहि त्यावर चालत नव्हतीं. तपासांत एकाच कुळांत निदान चार निरनिराळ्या युक्त्या सांपडल्या. ग्लायफोसेटच्या एन्झाइमवरील १०६ वा दुवा बदललेला होता. ग्लायफोसेटचें झाडांतील भ्रमण मंदावलेलें होतें. पॅराक्वाटचेंहि भ्रमण अडलेलें होतें. आणि तिसऱ्या वर्गाचें लक्ष्य असलेलें एन्झाइमहि बदललेलें होतें. ज्या बदलानें वनस्पति जगणार नाहीं असें म्हटलें जात होतें, तो बदल अंगावर बाळगून ती खुशाल वाढत होती. वाऱ्यानें पराग नेणाऱ्या गवताला एकेक कुलूप निरनिराळ्या शेजाऱ्यांकडून गोळा करणें किती सोपें जातें, तें येथें स्पष्ट दिसतें.

यावर नवें औषध काढावें, हा उपाय बोलण्यास सोपा आहे. परंतु १९८० च्या दशकानंतर सुमारें तीस वर्षें अगदीं नव्या रीतीनें काम करणारें महत्त्वाचें तणनाशक बाजारांत आलेंच नाहीं. ग्लायफोसेट इतकें स्वस्त आणि इतकें गुणकारी होतें कीं नव्या शोधावर पैसा घालण्यास कोणी फारसें उत्सुक नव्हतें. जुन्या औषधांतलींहि एकेक जाऊं लागलीं. सिमॅझिन व पॅराक्वाट यांना युरोपीय संघांत मज्जाव झाला. ग्लायफोसेटवर दुसऱ्याच बाजूनें वादळ उठलें. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें तें मनुष्याला बहुधा कर्करोगकारक असल्याचें मत दिलें. दुसऱ्या कित्येक सरकारी संस्थांनीं तें मानलें नाहीं. हा वाद येथें सोडवावयाचा नाहीं. फ्रान्समध्यें २०२० सालीं ओळींच्या मधल्या जागेंत ग्लायफोसेट वापरण्यास बंदी झाली आणि वेलीखालच्या पट्ट्यासाठीं हेक्टरीं वर्षाला ४५० ग्रॅमची मर्यादा घातली गेली. युरोपीय संघानें मात्र २०२३ सालीं त्याची परवानगी दहा वर्षांनीं वाढविली.

दरम्यान मळ्यांत जुनीं साधनें नव्या वेषांत परत आलीं आहेत. ट्रॅक्टरला जोडलेलें एक पातें वेलीखालच्या पट्टींत शिरतें आणि बुंध्याचा स्पर्श होतांच आपण होऊन बाजूला सरकतें. उताराच्या, दगडधोंड्यांच्या जमिनींत तें चालत नाहीं, तेथें माणूसच लागतो. खर्च औषधाहून पुष्कळ अधिक, डिझेल अधिक, आणि पातें चुकलें तर वेलीला जखम होते. कोठें ओळींच्या मध्यें घेवड्याच्या वर्गांतील पिकें वा बुटकें गवत मुद्दाम पेरतात, म्हणजे उघडी मातीच राहत नाहीं. न्यूझीलंडमध्यें हिवाळ्यांत मळ्यांत मेंढ्या सोडतात. पानगळ झालेल्या वेलीकडे त्या पाहत नाहींत, खालचें गवत तेवढें फस्त करतात. वसंतांत डोळे फुटण्यापूर्वीं त्यांना बाहेर काढावें लागतें, नाहींतर कोंबच चरून टाकतात. ज्या राय गवताला ऑस्ट्रेलियांत मेंढ्यांसाठीं पेरलें, त्याला अखेर मेंढीनेंच खावें, हें ठीकच झालें.

भारतांत द्राक्षांचें सर्वाधिक पीक महाराष्ट्रांत येतें. नाशिककडील आणि तासगांव-सांगलीकडील बागांत वेली मांडवांवर चढविलेल्या असतात, एप्रिलांत व ऑक्टोबरांत अशी वर्षांतून दोनदां छाटणी होते, आणि ठिबकच्या नळीखालचा ओला पट्टा बारमाही हिरवा राहतो. पट्टा तोच, वेल तीच, आणि मजुरीची तक्रारहि तीच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. तो आरोग्याच्या काळजीपोटीं होता, तणांच्या प्रतिकाराची चर्चा त्यांत नव्हती. या बागांच्या बांधांवर एक तण सर्वांच्या ओळखीचें आहे. पुण्यांत १९५५ सालीं त्याची नोंद झाली, तेव्हांपासून तें देशभर पसरलें, आणि त्याच्या फुलोऱ्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगावर खाज उठते. तें गाजरगवत मूळचें उष्ण कटिबंधांतील अमेरिकेचें. तिकडे कोलंबिया देशांतील फळबागांत २००४ सालीं तेंहि ग्लायफोसेटखालीं मरेनासें झाल्याची नोंद हीप यांच्या वहींत आहे.